आयसी बदलण्यापूर्वी : घरगुती अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करताना या चुका टाळा

घरी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला की बहुतेक जण आधी आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी मुख्य चिप, बदलतात. मात्र आयसी बहुधा दुसऱ्याच एखाद्या चुकीमुळे जळालेली असते आणि ती चूक तशीच राहिली, तर नवी आयसीही काही क्षणांत जाते. येथे टीडीए २०३० ही आयसी आणि १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असलेली, दुहेरी सप्लायवर, म्हणजे ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) सापेक्ष एक धन आणि एक ऋण अशा दोन व्होल्टेजवर, चालणारी जोडणी गृहीत धरली आहे.

दुरुस्तीनंतर अ‍ॅम्प्लिफायर थेट २३० व्होल्टवर लावू नये. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (२३० व्होल्टच्या बाजूला) ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो तसाच लख्ख पेटत राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे.

हा शॉर्ट पुष्कळदा हीट सिंकपाशी, म्हणजे आयसीची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या तुकड्यापाशी, सापडतो. या आयसीची धातूची पट्टी आतून तिसऱ्या पिनला, म्हणजे ऋण सप्लायला जोडलेली असते. त्यामुळे वीज अडवणारा मायका वॉशर आणि स्क्रूवरची प्लास्टिकची नळी न घालता ती हीट सिंकवर कसली आणि तो हीट सिंक ग्राउंड केलेल्या पेटीला टेकला, की ऋण सप्लाय सरळ ग्राउंडला शॉर्ट होतो. एकेरी सप्लायच्या जोडणीत हीच पिन ग्राउंडवर असल्याने वॉशर नसला तरी चालते, आणि सवयीने घोटाळा होतो तो इथेच.

सप्लायचे व्होल्टेज मोजूनच आयसी बसवावी. १२ व्होल्ट एसीचे शिखर सुमारे १७ व्होल्ट असते आणि सप्लायचे डीसी साधारण त्याच्याच जवळ जाते. पण भार नसताना आणि लाइन २५० व्होल्टपर्यंत चढल्यावर ते १८ च्या वर जाऊ शकते. टीडीए २०३० ची कमाल मर्यादा ±१८ व्होल्टच आहे. टीडीए २०३०ए ±२२ पर्यंत सोसते, म्हणून खरेदी करताना शेवटचे अक्षर पाहून घ्यावे.

स्पीकर सर्वांत शेवटी जोडावा. त्याआधी चौथी पिन (आउटपुट) आणि ग्राउंड यांमधील डीसी मोजावे. ते काही दशक मिलिव्होल्टच्या आत असले पाहिजे. तेथे १५-१६ व्होल्ट दिसले, तर पहिल्या पिनपासून (इनपुट) ग्राउंडला जाणारा २२ किलोओहमचा रेझिस्टर राहून गेला आहे का, किंवा ट्रान्सफॉर्मरची मधली तार ग्राउंडपासून सुटली आहे का, हे पाहावे. या जोडणीत आउटपुटला कंडेन्सर नसल्यामुळे हे सगळे डीसी स्पीकरच्या कॉइलवर येते आणि कॉइल जळते.

गाणे लावलेले नसतानाही आयसी हात ठेववत नाही इतकी तापत असेल, तर ती ऑसिलेट होत असण्याची, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच कंपने निर्माण करत असण्याची, शक्यता मोठी आहे. आउटपुटवरील १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ही जोडी 'अनावश्यक' म्हणून वगळणे, तसेच सप्लायचे ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर पिनांपासून लांब बसवणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

घरघर येत असेल, तर इनपुट ग्राउंडला शॉर्ट करून ऐकावे. आवाज थांबला, तर दोष इनपुटच्या शिल्डेड वायरमध्ये किंवा व्हॉल्यूम कंट्रोलच्या ग्राउंडमध्ये असतो. तरीही तो राहिला, तर सप्लायचे मोठे फिल्टर कंडेन्सर तपासावेत आणि स्पीकरचे व इनपुटचे ग्राउंड वेगवेगळ्या तारांनी आणून या कंडेन्सरांच्या सामाईक टोकावर जोडावेत.