संकरित वेडर म्हणण्याआधी पिसं मोजा

चिखलात चरणाऱ्या थव्यातला एखादा वेडर, म्हणजे उथळ पाण्यात-चिखलात चरणारा किनारी पक्षी, पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी जुळत नाही, की लगेच ‘संकर!’ असं तोंडातून निघतं. तो शब्द गिळा. फोटो काढा: बाजूने, समोरून आणि काहीही करून उडताना. आवाज मोबाईलवर टिपा. अ‍ॅपला विचारण्यात अर्थ नाही, त्याच्या यादीतलंच एखादं नाव ते तुमच्या माथी मारणार.

खरी मेख आहे वय आणि पिसांची गळ, म्हणजे जुनी पिसं झडून नवी येणं. मी इथेच तोंडघशी पडले. पोटावर विटकरी ठिगळं, पाठ राखाडी, चोच जराशी बाकदार. डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर या दोन छोट्या वेडरांचा संकर सापडला म्हणून मी दोन दिवस मिरवत होते. तिसऱ्या दिवशी उडतानाचा एक धूसर फोटो मोठा करून पाहिला. शेपटीच्या बुडाशी सलग पांढरा पट्टा! डनलिनमध्ये त्याच्या मधोमध काळसर रेघ असते. माझा पक्षी होता साधा कर्ल्यू सँडपायपर, विणीची लाल पिसं टाकून हिवाळी पिसं घेत असलेला.

तेव्हापासून मी आधी पंखावरची पिसं एकेक करून बघते. सगळी एकाच वेळी उगवलेली, कडा फिकट आणि नीटस, तर पिल्लू. झिजलेली आणि कोरी पिसं शेजारीशेजारी, तर बहुधा गळ चालू असलेला प्रौढ. ठिगळांच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. चोचीची लांबी डोक्याशी ताडून बघा, ती गळीने बदलत नाही. पंखाची टोकं शेपटीच्या किती पुढे जातात हेही बघतात, पण लांब पिसं अर्धवट वाढलेली असली तर ते माप फसवं. न्यूझीलंडचा काळा शेकाट्या मोठेपणी पूर्ण काळा असतो, पण त्याचं पिल्लू काळं-पांढरं. त्याला संकरित ठरवायला कितीसा वेळ लागतो!

एवढ्यातून पक्षी तावून निघाला, तरच आईबापांच्या दोन जाती समोर ठेवा आणि एकेक लक्षण जुळवा. सगळंच मधलं निघेल अशी अपेक्षा नको. ऑस्ट्रेलियातल्या कॉक्स सँडपायपरची चोच कर्ल्यू सँडपायपरसारखी बाकदार, तर छातीवर पेक्टोरल सँडपायपरसारख्या रेघा. १९८२ मध्ये तो चक्क नवी जात म्हणून जाहीर झाला. पेक्टोरल सँडपायपर नर आणि कर्ल्यू सँडपायपर मादी यांचा तो संकर आहे, हे १९९६ मध्ये डीएनएवरून कळलं. तज्ज्ञांची ही गत, तर दुर्बिणीतून छातीठोकपणे सांगणारे आपण कोण? आणि मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या, पण केंद्राबाहेरच्या) डीएनएवरून फक्त आईची जात कळते, बाप शोधायला पेशीकेंद्रातला डीएनए लागतो.

नोंदवहीत दोन्ही जातींची नावं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाका. शेपटीचं बूड दिसलंच नसेल, तर ‘ओळख पटली नाही’ एवढंच लिहा आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा जा.