पायथॉनमध्ये मराठी लिंक नीट कशी बदलायची

पुण्यातल्या पेठांची साईट करताय आणि लिंकमध्ये "पुणे/कसबा पेठ" असं मराठीतच हवंय, तर बिनधास्त ठेवा, फक्त सर्व्हरकडे जाताना ते टक्केवाल्या रूपात जायला लागतं. पायथॉनच्या यूआरएललिब डॉट पार्समधलं क्वोट हे फंक्शन वापरा आणि त्याला नुसता पाथ (डोमेनच्या नंतरचा भाग) द्या, अख्खी लिंक नको, नाहीतर एचटीटीपीएसच्या पुढचा कोलनपण बदलतो आणि लिंक मरते. "पुणे" एवढ्याशा शब्दाची ३६ कॅरेक्टर होतात, घाबरू नका, यूटीएफ-८ मध्ये प, उकार, ण, मात्रा प्रत्येकाला ३ बाईट लागतात आणि दर बाईटचे ३ कॅरेक्टर (% आणि पुढे दोन अंक-अक्षरं). स्पेसचं %20 होतं.

परत मराठी हवं तर तिथलंच अनक्वोट वापरा.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आधीच बदललेली लिंक पुन्हा क्वोट केली की %20 चं %2520 होतं आणि पान सापडतच नाही, म्हणून डेटाबेसमध्ये साधं मराठीच ठेवा आणि बाहेर पाठवताना एकदाच क्वोट करा.

डॉट भारतवाल्या डोमेनला मात्र क्वोट चालत नाही, तिथे आयडीएनए (मराठी डोमेन इंग्रजी अक्षरांत बदलायची पद्धत) लागतं. पायथॉनमध्ये आधीपासून असलेलं आयडीएनए २००३ च्या जुन्या नियमांवर चालतं, त्यापेक्षा पिपने आयडीएनए पॅकेज टाका.