केसांचे दागिने आणि शोकाची स्मृतिचिन्हे : या चुका टाळा

काचेखाली बारीक वेणी घातलेले तपकिरी केस, भोवती काळ्या मिन्याची कड आणि मागच्या बाजूला कोरलेले नाव व तारीख, अशी एखादी ब्रूच लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या जुन्या बाजारात हाती आली की आपल्याकडच्या बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया हात मागे घेण्याची असते. गेलेल्या माणसाचे केस घरात ठेवण्याची कल्पना आपल्या संस्कारात बसत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड, फ्रान्स, स्वीडन आणि अमेरिकेतील कुटुंबांना मात्र केस कुजत नाहीत, त्यांचा रंग बराच काळ टिकतो आणि ते त्या माणसाच्या शरीराचाच भाग असतात, म्हणून ते जवळ बाळगावेसे वाटत. या वस्तूंचे मोल सोन्यात फारसे नसते. ते वस्तू आणि व्यक्ती यांच्यातील गाठीत असते. खाली सांगितलेली जवळजवळ प्रत्येक चूक ही गाठ सोडवून टाकते.

केस दिसले की दागिना शोकाचा, असे गृहीत धरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. 14 डिसेंबर 1861 रोजी ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया हिचे पती प्रिन्स अल्बर्ट वारले आणि राणीने 1901 मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत काळा पोशाख सोडला नाही. त्यामुळे त्या काळातील प्रत्येक केसांच्या दागिन्यावर शोकाची छाया पडल्यासारखे आपल्याला वाटते. परंतु याच राणीकडे एक सोन्याची साखळी होती. 1840 मध्ये पहिली मुलगी जन्मल्यापासून प्रत्येक अपत्यामागे मिन्याचे एक लहानसे हृदय तिला जोडले जाई आणि त्यात त्या बाळाचे केस ठेवले जात. अशी नऊ हृदये त्या साखळीला आहेत आणि त्यांत मृत्यूचा संबंध कुठेही नाही. प्रेमिक, मैत्रिणी, परगावी निघालेले मुलगे हे सारे एकमेकांना केस देत असत. दागिना शोकाचा म्हणायचा तर ‘स्मरणार्थ’ अशा अर्थाची अक्षरे, निधन व वय दाखवणारे लॅटिन संक्षेप किंवा मृत्यूची तारीख यांपैकी काहीतरी दिसले पाहिजे. पांढरा मिना बहुधा लहान मूल किंवा अविवाहित व्यक्तीसाठी वापरला जाई, हेही लक्षात ठेवावे. यांपैकी काहीच नसेल तर ‘भावनिक दागिना’ एवढेच लिहावे आणि थांबावे.

कोरलेली तारीख म्हणजे दागिन्याचे वय, ही दुसरी घाई. आजीच्या ब्रूचमध्ये नातवंडाचे केस भरून मागे नवी तारीख कोरलेली असू शकते. म्हणून धातूचे वय वेगळे पाहावे. ब्रिटनमध्ये 9, 12 आणि 15 कॅरेटच्या सोन्याला कायद्याने मान्यता मिळाली ती 1854 मध्ये, आणि 12 व 15 ही प्रमाणे 1932 मध्ये बंद झाली. त्यामुळे 15 कॅरेटचा ब्रिटिश शिक्का असलेली वस्तू 1820 ची आहे, असे विक्रेत्याने सांगितले तर ते मान्य करण्याचे कारण नाही.

काळे दिसले की ते जेट, हाही असाच समज आहे. यॉर्कशरमधील व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावाचे जेट म्हणजे सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या लाकडाचा दगडासारखा झालेला अवशेष. ते हलके असते आणि हाताला थंड लागत नाही. ‘फ्रेंच जेट’ या नावाने विकली जाते ती खरे तर काळी काच. ती जड आणि थंडगार असते. व्हल्कनाइट हे गंधक घालून कडक केलेले रबर असून उजेडात ते तपकिरी पडते. खडबडीत चिनी मातीवर घासून तपकिरी रेघ उमटते का, हे पाहण्याची युक्ती अनेक ठिकाणी सांगितली जाते. पण व्हल्कनाइटचीही रेघ तपकिरीच उमटते, तेव्हा तिने निकाल लागत नाही. तापवलेली सुई टोचून वास घेणारे महाभागही आहेत. त्यांच्या हातून गेलेल्या दागिन्याला कायमचे छिद्र राहते. वजन, स्पर्श आणि भिंगातून दिसणारी साच्याची रेघ यांवर बहुतेक वेळा काम भागते.

आता स्वच्छतेविषयी, कारण सर्वाधिक नासधूस तिथेच होते. केसांचे काम मुख्यतः दोन प्रकारचे असे. एका प्रकारात भोक असलेल्या गोल मेजाभोवती केसांच्या बटा वजने बांधून सोडत आणि त्यांची गोफासारखी वीण घालत. घड्याळाच्या साखळ्या, बांगड्या आणि कानातले अशा रीतीने होत. स्वीडनमधील वोमहूस गावच्या स्त्रिया हे काम करत परदेशांपर्यंत फिरत. दुसऱ्या प्रकारात केस सपाट चिकटवून, कापून त्यांची पिसे, कणसे, कलश किंवा झुकलेली विलोची झाडे रचत आणि वर काच बसवत. या दुसऱ्या प्रकारातील सारी रचना डिंकावर उभी असते. आपल्याकडे सोन्याचा दागिना रिठ्याच्या पाण्यात घालून मऊ ब्रशने घासण्याची सवय घराघरात आहे. बांगडी किंवा पाटलीसाठी ती उत्तमच आहे. तीच सवय इथे वापरली की काचेच्या कडेने पाणी आत शिरते, डिंक सुटतो, दीडशे वर्षे जागेवर असलेले पीस एका बाजूला गोळा होते आणि काही आठवड्यांत काचेखाली बुरशीचा ढग दिसू लागतो. सराफाकडील ध्वनिलहरींनी दागिने धुण्याचे यंत्र आणि चांदी उजळवण्याची तयार द्रावणे याहून वाईट. कोरडा, अगदी मऊ ब्रश आणि धातूच्या भागापुरते कोरडे सुती कापड, याहून अधिक काही घरी करू नये.

अंगठीचे माप बदलून घेणे ही याच जातीची चूक. मागे केसांचा कप्पा आहे हे न सांगता अंगठी सोनाराकडे दिली आणि त्याने नेहमीप्रमाणे डाख दिला, की उष्णतेने केस करपतात. नेमके असेच घडलेली एक अंगठी मी पाहिली आहे. काचेखाली काळा चुरा उरला होता आणि मागचे नाव मात्र झळाळत होते. आत काय आहे ते पाहण्यासाठी काचेभोवतीची पट्टी सुरीने उचकटणेही तितकेच घातक.

साठवणीत दोन शत्रू असतात, उजेड आणि कसर. लोकरीच्या कपड्याला लागणारी कसर केसही खाते, कारण दोन्ही केराटिन या प्रथिनाचेच. म्हणून कपाटात डांबरगोळ्या टाकाव्यात, असे सहज वाटते. पण संग्रहालयांनी त्या वापरणे सोडून दिले आहे, कारण त्यांची वाफ माणसाला आणि काही चिकट द्रव्यांना अपायकारक ठरते. आम्लविरहित कागदात गुंडाळून, बंद डबीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह वस्तू ठेवावी आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती पुडी वेळोवेळी बदलावी. व्हल्कनाइटमधून गंधकाची वाफ निघत राहते आणि शेजारची चांदी काळी पडते. त्याला वेगळी डबी द्यावी.

केसांसोबत अनेकदा छायाचित्रे येतात. डॅगरोटाइप हे सुरुवातीच्या काळातील छायाचित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असते. त्याच्या पृष्ठभागावरून कापड फिरवले की चेहरा पुसला जातो, तो परत येत नाही. पायांमागे लोखंडी स्टँड दिसला म्हणून ‘उभे केलेले प्रेत’ असा निष्कर्ष काढू नये. लांब वेळ स्थिर राहावे लागे म्हणून जिवंत माणसांचे डोके टेकवण्यासाठी तो स्टँड असे आणि प्रेत पेलण्याची ताकद त्यात नव्हती. ‘अश्रूंच्या बाटल्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लांबट कुप्या बहुधा अत्तराच्या असतात.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारताबाहेर नेताना 1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करावी.

शेवटची चूक कागदाची. फर्डिनांड हिलर या तरुण संगीतकाराने 1827 मध्ये जर्मन संगीतकार बेथोव्हेन याच्या मृत्यूनंतर कापून घेतल्याचे सांगितले गेलेले केस 1883 मध्ये हिलरच्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून मिळाले, चौकटीत बसवले गेले आणि 1994 मध्ये लिलावात विकले गेले. सोबत लेखी नोंदही होती. 2023 मध्ये जनुकीय तपासणी झाली तेव्हा ते केस एका स्त्रीचे निघाले आणि बेथोव्हेनला शिशाची विषबाधा झाली होती, या त्या केसांच्या आधारे मांडलेल्या तर्काचा पाया गेला. त्याच अभ्यासात तपासलेल्या, बेथोव्हेनच्या म्हणून जपलेल्या आठ बटांपैकी पाच मात्र अस्सल ठरल्या. म्हणून जुना लिफाफा, दोरा, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी यांतले काहीही फेकू नये, आणि आपली नोंद वेगळ्या कागदावर दोन भागांत करावी: एका भागात वस्तूवर प्रत्यक्ष काय दिसते ते आणि दुसऱ्या भागात कोणी, केव्हा, काय सांगितले ते.