अलार्मचा कीपॅड स्वतः बदलताय? आधी या चुका टाळा

गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज गेली, तास-दीड तासाने आली, आणि आमच्या सहकारनगरच्या घरातल्या चोर-अलार्मचा कीपॅड काही उजळला नाही. बटणं दाबली, थोडं थोपटूनही पाहिलं (जुन्या टीव्हीच्या काळातली खोड). मग ठरवून टाकलं की कीपॅड गेला. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून त्याच मॉडेलचा नवा आणला, जोडला, आणि तोही तसाच काळाठिक्कर. माळ्यावरच्या पॅनलच्या डब्यातला दहा-वीस रुपयांचा फ्यूज उडाला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

सगळ्यात मोठी चूक हीच. वायरवाल्या अलार्ममध्ये कीपॅड म्हणजे फक्त चेहरा. डोकं असतं पॅनलच्या डब्यात. सेन्सर, सायरन, बॅटरी सगळं तिथे जोडलेलं असतं आणि आपला कोडसुद्धा सहसा तिथेच साठवलेला असतो. म्हणून खरेदीला निघण्याआधी मल्टीमीटर घ्या. कीपॅडमागे बहुधा चार वायर येतात: दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. विजेच्या दोन वायरींमध्ये साधारण 12 ते 13.8 व्होल्ट डीसी दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल, तर नवा कीपॅड आणून उपयोग नाही. फ्यूज, ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरी बघा. पॅनलमधली 12 व्होल्टची सीलबंद बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते. तिचा थकवा एरवी सहसा लक्षात येत नाही, वीज गेल्यावर कळतो.

व्होल्ट बरोबर आहेत, तरी कीपॅड गप्प? मग तो काढून पॅनलपाशी न्या आणि हातभर वायरने थेट तिथेच जोडून पाहा. तिथे चालला तर कीपॅड निर्दोष, दोष भिंतीतल्या वायरीत. या एका चाचणीने बरेच पैसे वाचतात आणि बहुतेक लोक नेमकी हीच करत नाहीत.

खरोखर बिघडलेला कीपॅड वेगळा ओळखू येतो. बऱ्याचदा दिवे लागतात, पण ठरावीक बटणंच चालत नाहीत. आमचा खालच्या मजल्यावरचा मूळ कीपॅड पुढच्या पावसाळ्यात असाच गेला. बाहेरच्या भिंतीवर होता, वायरीच्या भोकातून ओल आत शिरली आणि टर्मिनलवर हिरवट थर जमला. आत मुंग्यांनीही बिऱ्हाड केलं होतं. नवा लावताना ते भोक सिलिकॉनने बुजवलं. जमलं तर आतल्या भिंतीवरची जागा निवडा, आणि खिडकीतून कीपॅडचा स्क्रीन दिसेल अशी तर नकोच. अलार्म चालू आहे की बंद, हे रस्त्यावरच्या माणसाला कळायचं कारण नाही.

आता उघडण्याबद्दल. कीपॅडच्या आत बऱ्याचदा टॅम्पर स्विच असतो. झाकण निघालं की सायरन. म्हणून आधी सिस्टीम सर्व्हिस मोडवर, म्हणजे दुरुस्तीच्या स्थितीत, टाका, त्याला इन्स्टॉलर कोड लागतो. तो तुमच्याकडे नसेल तर बसवणाऱ्याकडून आधीच लिहून घ्या. अंदाजाने आकडे मारत बसलात तर काही पॅनल कुलूपबंद होतात. मॉनिटरिंगची सेवा असेल तर त्यांना, आणि सोसायटीत असाल तर वॉचमनलाही, काम काढल्याचं सांगून ठेवा.

मग मेन बंद करा आणि बॅटरीची एक वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. नुसती मेन बंद करून काम सुरू करणं ही दुसरी नेहमीची चूक: बॅटरी पॅनलला जिवंतच ठेवते आणि लाल वायर चुकून निरोपाच्या वायरीला चिकटली की पॅनलच जायचं. आणखी एक गंमत, बाहेरच्या सायरनच्या डब्यात कधी कधी स्वतःची बॅटरी असते. पॅनलची वीज तोडली की त्याला वाटतं चोराने वायर कापली आणि तो कोकलायला लागतो. आमच्याकडे ते रविवारी सकाळी घडलं. समोरचे काका गॅलरीत आले, काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. पॅनलच्या डब्यातल्या 230 व्होल्टच्या भागाला मात्र हात लावू नका, तिथे इलेक्ट्रिशियनच बोलवा.

वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. लाल, काळी, हिरवी, पिवळी असा क्रम पुस्तिकेत असतो, पण आपल्याकडे मधे कुठे तरी जोड दिलेला असतो आणि जोडणाऱ्याने हाताशी होता तो रंग वापरलेला असतो. रंगावर विसंबू नका, कोणती वायर कोणत्या अक्षराच्या टर्मिनलवर होती तेच लिहा.

खरेदीत दिसण्यावर जाऊ नका. एकाच कंपनीच्या दोन मालिकांचे कीपॅड दिसायला जुळे, पण एकमेकांची भाषा न कळणारे असू शकतात. पॅनलच्या बोर्डावरचा मॉडेल नंबर फोटोसह दुकानात न्या. वायरलेस असेल तर फ्रिक्वेन्सीही जुळायला हवी. 433 मेगाहर्ट्झचा कीपॅड 868 च्या पॅनलशी बोलणार नाही. आणि स्वस्तातल्या काही संचांत डोकं कीपॅडमध्येच असतं, तिथे कीपॅड बदलणं म्हणजे सगळी जुळणी पहिल्यापासून.

जोडल्यावर दिवे लागले, तरी काम झालेलं नसतं. अनेक पॅनलमध्ये प्रत्येक कीपॅडला स्वतःचा पत्ता, म्हणजे ओळखीचा वेगळा क्रमांक, द्यावा लागतो. फ्यूज प्रकरणात उगीच आणलेला तो जादा कीपॅड मी वरच्या मजल्यावर लावला, पत्ता न बदलता. खालच्याचा आणि त्याचा पत्ता एकच, त्यामुळे दोन दिवस दोघेही वेड्यासारखे वागत होते. वरच्याचा पत्ता बदलल्यावर शहाणे झाले.

कोड पॅनलमध्येच असेल तर जुनाच चालतो, तरी या निमित्ताने बदला. जुन्या कीपॅडवर चारच बटणं झिजून चकचकीत झाली असतील, तर चोराला दहा हजार आकडे शोधावे लागत नाहीत. चार वेगळ्या अंकांचे फक्त 24 क्रम उरतात. तीच बटणं नव्या कीपॅडवर घासायला सुरुवात कशाला करायची?

शेवटी प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी उघडून पाहायची. मी कीपॅडपाशी उभा राहिलो, बायको घरभर फिरत ओरडत होती, ‘हॉल! जिना! गच्ची!’ आणि प्रत्येक वेळी बीप येत होती. स्वयंपाकघरामागचं दार उघडलं तेव्हा काहीच आलं नाही. तो सेन्सर किती महिने गप्प होता, देव जाणे.