आयरेटक्यूवरच फॉल्ट आला तर काय करायचं

एक्स८६-६४ वर स्वतःचा कर्नल लिहिताय, सगळं मस्त चाललंय आणि मग कधीतरी यूजर प्रोग्रॅमकडे परत जाताना मशीन सरळ रीबूट, एरर नाही काही नाही. माझं झालं तेव्हा दोन रात्री मी उगाच पेजिंगमध्ये चूक शोधत बसलो. आधी क्यूएमूमध्ये (मशीनची नक्कल करणारा एम्युलेटर) इंटरप्टचा लॉग चालू करा, रीबूट बंद करा. व्हेक्टर १३ (म्हणजे जीपी फॉल्ट, लॉगमध्ये हेक्समधलं ०डी), सीपीएल ० (म्हणजे प्रोसेसर रिंग ० मध्ये, कर्नलच्या हक्कात) आणि आरआयपी (चालू सूचनेचा पत्ता) बरोब्बर आयरेटक्यूवर (यूजर प्रोग्रॅमकडे परत नेणाऱ्या सूचनेवर) दिसला तर पुढचं तुमच्यासाठी.

आयरेटक्यू स्टॅकवरून आरआयपी, सीएस, आरफ्लॅग्ज, आरएसपी, एसएस असे पाच आकडे उचलते, त्यात एखादा सिलेक्टर (सीएस किंवा एसएस, म्हणजे कोड किंवा स्टॅकचा सेगमेंट सांगणारा आकडा) खराब निघाला की जीपी (संरक्षण मोडलं), एनपी (सेगमेंट हजर नाही) नाहीतर एसएस (स्टॅकचा) फॉल्ट, आणि तो रिंग ० मध्येच येतो कारण आपण अजून बाहेर पडलेलोच नसतो. पण एक ओळ आधी स्वॅपजीएस (कर्नलचा आणि यूजरचा जीएस बेस अदलाबदल करणारी सूचना) होऊन गेलंय. फॉल्टचा हँडलर स्वॅप करायचा का हे ठरवायला सेव्ह झालेला सीएस बघतो, म्हणतो हा तर कर्नलमधलाच, स्वॅप करत नाही आणि यूजरच्या जीएसला आपला पर-सीपीयू डेटा (प्रत्येक सीपीयूचा वेगळा कर्नल डेटा) समजून वाचत सुटतो. लिनक्सला हेच २०१४ मध्ये एसएस फॉल्टवर नडलं, सीव्हीई-२०१४-९३२२, अँडी लुटोमिर्स्कीने शोधलेलं, साध्या यूजरला रूट मिळवता येत होतं.

तर आयरेटक्यूला लेबल द्या. या तिन्ही फॉल्टच्या एंट्रीला, जीएसला हात लावायच्या आधी, सेव्ह झालेला आरआयपी त्या लेबलशी ताडून बघा, जुळला तर स्वॅपजीएस. सेव्ह झालेला आरएसपी अजून त्या पाच आकड्यांवरच असतो, ते ४० बाइट टास्कच्या कर्नल स्टॅकच्या टोकाला नव्या फ्रेममध्ये ठेवा, आधी दुसरीकडे कॉपी करून मग, कारण जुनी नवी फ्रेम एकमेकांवर चढतात (मी चढवलीय). बाकी रजिस्टर यूजरचेच असतात, तेही तसेच न्या. आता फॉल्ट यूजरमधून आल्यासारखा दिसतो, नेहमीसारखा सेगफॉल्ट देऊन प्रोग्रॅम मारा. पॅनिक नको, चूक त्याची आहे. सिग्नल हँडलर चालवणार असाल तर त्याच्यासाठी सीएस, एसएस स्वतः चांगले भरा, नाहीतर परत तिथेच.

सिगरिटर्नमधून (सिग्नल हँडलर संपल्यावर यूजरचे रजिस्टर परत भरणारा सिस्टम कॉल) आलेल्या सीएसवर विश्वास ठेवायचा नाही, खालचे दोन बिट ३ करूनच घ्या, नाहीतर यूजरचा कोड रिंग ० मध्ये चालेल आणि फॉल्टसुद्धा येणार नाही. आयओपीएलही (आरफ्लॅग्जमधले आयओ पोर्टच्या परवानगीचे बिट) पुसा.

सिसरेट (सिस्टम कॉलमधून परतायची वेगवान सूचना) वापरत असाल तर अजून एक, आरसीएक्समधला परतीचा पत्ता कॅनॉनिकल (वरचे सगळे बिट सारखे असलेला, वैध) नसेल तर इंटेलवर जीपी रिंग ० मध्येच येतो आणि तोपर्यंत आरएसपी यूजरचा झालेला असतो. २०१२ मध्ये फ्रीबीएसडी, झेन, विंडोज सगळे यातच अडकले होते. पत्ता तपासा, शंका आली की आयरेटक्यूनेच जा.

टेस्टला एक डीबग सिस्टम कॉल करा जो सेव्ह झालेल्या सीएसमध्ये जीडीटीच्या (सेगमेंटच्या तक्त्याच्या) बाहेरचा, आरपीएल ३ वाला (खालचे दोन बिट ३) सिलेक्टर घालतो. प्रोग्रॅम मेला आणि शेल परत आलं की तेच एसएसला करून बघा.