इंग्रजी शब्दांत जोर नेमका कुठे द्यायचा

हजेरीला मुलं 'ˈप्रेझेंट' म्हणतात, तेव्हा जोर पहिल्या तुकड्यावर असतो. 'सादर करणे' या अर्थाने तोच शब्द आला की जोर पुढे सरकतो : प्रिˈझेंट. स्पेलिंग मात्र तेच. इथे ˈ ही उभी रेघ ज्या तुकड्याआधी आहे, त्यावर जोर. शब्दकोशातही हीच खूण असते.

आधी शब्दाचे तुकडे मोजा. हनुवटीखाली तळहात धरून शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके तुकडे. 'स्टँड'ला 'इस्टँड' म्हणायची सवय असेल तर तुकडा एक वाढतो, ती आधी मोडा.

मग जोर. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण जोर म्हणजे ओरडणं असं वाटतं. जोराचा तुकडा थोडा लांबवायचा, सूर किंचित चढवायचा आणि त्याचा स्वर स्वच्छ म्हणायचा. बाकीचे तुकडे आखूड करायचे. त्यांतला स्वर बहुधा पुसट 'अ' होतो. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो, म्हणून हे आखूड करणं जड जातं. पण ते जमलं नाही तर जोर ऐकूच येत नाही. हातात रबरबँड धरा आणि जोराच्या तुकड्यालाच ताणा.

आता अर्थाच्या जोड्या. नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर : सातबाऱ्याचा ˈरेकॉर्ड, पण आवाज रिˈकॉर्ड करणे, शेतातला ˈप्रॉड्यूस, पण माल प्रˈड्यूस करणे, संत्र्याचा ˈएक्स्पोर्ट, पण इक्ˈस्पोर्ट करणे. हा नियम सगळीकडे लावू नका. 'आन्सर', 'व्हिजिट' यांत जोर नेहमी पहिल्यावर, 'रिपोर्ट', 'सपोर्ट' यांत नेहमी दुसऱ्यावर.

शेपूट बदलली तरी जोर हलतो. ˈफोटग्राफ, फˈटॉग्रफर, फोटˈग्रॅफिक ही तिन्ही रोज दहादा म्हणा. '-शन' आणि '-इक' यांच्या लगेच आधीच्या तुकड्यावर बहुधा जोर असतो : एज्युˈकेशन, इˈलेक्ट्रिक.

मालाच्या भावाचा आकडा फोनवर सांगताना तर फार जपा. 13 म्हणजे थर्ˈटीन, 30 म्हणजे ˈथर्टी. मात्र पुढे लगेच नाम आलं, जसं 'ˈथर्टीन बॅग्ज', की तेराचाही जोर पहिल्या तुकड्यावर येतो. म्हणून शेवटचा 'न' ठळक म्हणा आणि 'वन थ्री' असे आकडे सुटे करूनही सांगा.

ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चारांतही फरक आहे. गॅरेजला ब्रिटनमध्ये बहुधा ˈगॅराज, अमेरिकेत गˈराज. प्रयोगशाळेला ब्रिटनमध्ये लˈबॉरट्री, अमेरिकेत ˈलॅबरटोरी. जाहिरातीला ब्रिटनमध्ये अड्ˈव्हर्टिसमेंट, अमेरिकेत ॲडव्हरˈटाइझमेंट. दोन्ही बरोबर, एक निवडा आणि शब्दकोशही त्याच पद्धतीचा वापरा. आपल्याकडे 'ˈडेव्हलप' आणि 'ˈहॉटेल' सर्रास ऐकू येतं. गावात ते सगळ्यांना कळतं. परदेशी ग्राहकाशी बोलताना मात्र डिˈव्हेलप, होˈटेल म्हणा.

सरावाला रोज पाच शब्द पुरे. शब्दकोशाच्या ॲपमध्ये ऐका, एका वाक्यात घालून मोबाइलवर स्वतःचा आवाज टिपा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. जोराचा तुकडा बरोबर असूनही शब्द वेगळाच वाटला, तर बाकीचे तुकडे अजून आखूड करा.