‘मेस’ या इंग्रजी शब्दाबाबत या चुका टाळा

महिन्याचे पैसे भरून जेवतो ती मेस आणि खोलीभर पडलेला पसाराही मेस. त्यामुळे खानावळीला हे नाव अस्वच्छतेवरून पडलं, असं लोक छातीठोकपणे सांगतात. खरं तर जेवण आधीचं, पसारा फार नंतरचा. लॅटिन ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. त्यावरून ‘मिस्सुस’ म्हणजे मेजावर आणून ठेवलेली पदार्थांची एक खेप. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. १६११च्या इंग्रजी बायबलात बेन्यामीनचा ‘मेस’ भावांच्या पाचपट होता, असं वाक्य आहे. तिथे पसारा वाचलात तर फसलात. तो त्याच्या वाट्याचं जेवण आहे. पुढे एकत्र जेवणारा गट, बहुधा चौघांचा, म्हणजे मेस झाला. फौजेतली ऑफिसर्स मेस आणि आपली हॉस्टेलची मेस याच घराण्यातल्या.

मग घाण कुठून आली? अठराव्या शतकात जनावरांपुढे ठेवायचं कालवलेलं खाणंही ‘मेस’ म्हटलं जाऊ लागलं. त्यातून एकोणिसाव्या शतकात गिचका, घोळ, पसारा हे अर्थ रुळले.

हा शब्द कुठल्याशा लांबलचक नावाची आद्याक्षरं आहे, ही थाप तर सोडूनच द्या. मध्ययुगापासून इंग्रजीत असलेल्या शब्दाचा असा जन्म होत नाही; आद्याक्षरांचे शब्द बहुतेक विसाव्या शतकातले.

आता वापर. ‘इट इज मेस’ चूक. ‘इट इज अ मेस’ म्हणा. ‘मेस अप’ म्हणजे बिघडवणं, ‘मेस अराउंड’ म्हणजे टिवल्याबावल्या करणं, ‘मेस विथ’ म्हणजे कुणाच्या वाटेला जाणं. जुन्या आरमारी मजकुरात मात्र ‘मेस विथ’ म्हणजे कुणाबरोबर जेवणं, भांडण नव्हे.

मराठी करताना दर वेळी ‘गोंधळ’ लिहू नका. खोलीचा पसारा, हिशेबाचा घोळ, कुत्र्याने केलेली घाण. आणि ‘यू लुक अ मेस’ला आपल्याकडे तयार वाक्य आहे: काय हा अवतार!

परदेशात ‘आय ईट इन अ मेस’ म्हणालात, तर ऐकणारा तुम्हाला फौजी समजेल किंवा उकिरड्यात जेवणारा. तिथे ‘कँटीन’ किंवा ‘डायनिंग हॉल’ म्हणा. उच्चारही ऱ्हस्व ठेवा. ‘मे’ लांबवलात की ऐकणाऱ्याला ‘mace’ हा वेगळाच शब्द, म्हणजे जायपत्री किंवा गदा, ऐकू येतो.